उलटं फिरलेलं चाक

चाक फिरलं, पण उलटं फिरलं.

वैशाखातली दुपार होती, वीज गेलेली होती आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अंगणातल्या लिंबाखाली शिल्पानं अप्पांची सायकल उभी केली होती आणि चिमट्याखाली विटा रचून पुढचं चाक अधांतरी ठेवलं होतं. चार दिवसांच्या खटपटीनंतर मोटरच्या तारा आज कुठं जोडून झाल्या होत्या. तिनं मुठीतला थ्रॉटल हळूच पिळला. चाक थरथरलं, गुरगुरलं आणि पुढं जायचं सोडून मागं पळायला लागलं.

लग्नाच्या शेवया सुपात घेऊन अयोध्यावैनी नेमकी तेव्हाच बाहेर आली आणि उंबऱ्यावरच थबकली.

"आगं बया, उलटं फिरून राहिलं की हे!"

"मोटर उलटी बसली असंल, वैनी."

"मोटरबिटर मला सांगू नको. उलट्या पायाचं काय असतंय, ठावं हाय ना तुला?"

उलट्या पायाचं म्हणजे काय, हे या मुलखात सांगावं लागत नाही. शिल्पानं ते हसण्यावारी नेलं. मोटरच्या अंगावर बाण असतो. त्या बाणाचं तोंड कुणीकडं ठेवायचं, हे ती लातूरच्या आयटीआयमध्ये दरवर्षी पोरांना शिकवायची आणि चुकणाऱ्यांची भर वर्गात फिरकी घ्यायची. चाक बसवताना तिनं तो बाण पाहिलाही होता. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात तसं झालं, असं तिनं स्वतःला समजावलं. तरी अंगावर आलेला काटा लगेच गेला नाही.

अप्पा म्हणजे शिल्पाचे वडील गुरुबसप्पा सात वर्षांपूर्वी एका सकाळी याच सायकलवर घरातून निघाले होते. सायकल सापडली तावरजा नदीच्या पुलाशी, स्टँडवर नीट लावलेली, कुलूप घातलेली. अप्पा सापडले नाहीत. तीन दिवस पाण्यात गळ फिरले, पण हाती चिखल आला. आता मोठ्या भावाच्या, वीरण्णाच्या, मुलीचं लग्न ठरलं होतं आणि त्याआधी अप्पांचं काय ते एकदा मिटवून टाकायचं म्हणून सगळे गावी जमले होते. क्रिया झाली की सायकल स्वामींना दान जाणार, असं वीरण्णानं जाहीर केलं तेव्हा शिल्पानं तिला हात घातला. मोटर बसवून मी वापरणार, वापरातली वस्तू दान देत नाहीत, असं तिनं ठणकावून सांगितलं. खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. अप्पा परत येतील असं तिला अजून वाटत होतं आणि त्यांची सायकल चालती असावी, एवढंच तिच्या मनात होतं.

वीरण्णा औशाहून आला तो हातात लग्नपत्रिकेचा नमुना घेऊनच. गुलाबी कागदावर मुलीचं, राजकन्येचं, नाव होतं, त्याखाली 'गुरुबसप्पा यांची नात' असं होतं आणि नावाच्या आधी छापखानेवाल्यानं एका अक्षरापुरती जागा कोरी सोडली होती. जिवंत असतील तर तिथं 'श्री', गेले असतील तर 'लिं', म्हणजे लिंगैक्य. अर्ध्या बोटाच्या त्या कोऱ्या जागेपायी या घरात महिनाभर भांडण चाललं होतं.

"उद्या दहाला स्वामी येतेत," वीरण्णा म्हणाला. "खालच्या रानात खड्डा खांदून झाला. क्रिया झाली की तिथनंच छापखान्यात फोन लावतो. 'लिं' घाला म्हणून सांगतो."

"अन् खड्ड्यात कुणाला बसवणार अण्णा? फोटोला?" शिल्पानं विचारलं.

"स्वामी नवं लिंग मंतरून देतेत. तेवढ्यानं भागतंय."

"माणूस मेला का जित्ता, कुणाला ठावं न्हाई, अन् तू माती लोटून मोकळा?"

"सात वर्षं झाली शिल्पे! कुठं असते तर एक फोन केला नसता का बापानं? तुला काय, तू लातुरात. इथं व्याही विचारतेत, वडील हायत का नाहीत. काय सांगू? पुलापाशी हायत म्हणू?" त्याचा आवाज चढला आणि मधेच फाटला. एवढा बाप्या माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. शिल्पाला त्याचा राग आला होता तो निम्मा तिथंच गेला.

अव्वा म्हणजे दोघांची आई. ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. सगुणाबाईचं वय पासष्टीच्या पुढं, गुडघे गेलेले, कपाळाला भस्म आणि त्याखाली कुंकू. हे कुंकू ठेवायचं की पुसायचं, हा त्याच भांडणाचा दुसरा पदर होता. तिला कुणी सरळ विचारत नव्हतं आणि ती आपण होऊन सांगत नव्हती. चार दिवस ती सायकलीकडं एकटक बघत बसली होती. बोलली ती एकदाच, शिल्पानं पहिला पाना हातात घेतला तेव्हा.

"सगळं खोल," ती म्हणाली होती. "सीटला तेवढा हात लावू नको."

म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी असतं, असं म्हणून शिल्पानं ते सोडून दिलं होतं.

वैनी आणि वीरण्णा आत गेल्यावर तिनं चाक काढलं, फिरवून पुन्हा बसवलं. जुन्या चिमट्याची खाच मोटरच्या आसाला अपुरी पडत होती, ती पहिल्याच दिवशी कानसीनं घासून वाढवली होती. औशाच्या सायकलवाल्या खाजामियाँनी अप्पांच्याच जुन्या रिमात आऱ्यांनी मोटर विणून दिली होती आणि देताना "बेटा, अमानत है, संभालके" एवढंच म्हणाले होते. बॅटरी मधल्या दांड्याच्या खाली पट्ट्यांनी आवळली होती, त्यामुळं मागचं कॅरिअर मोकळं राहिलं होतं. तिनं पुन्हा मूठ पिळली. चाक सरळ फिरलं, अगदी शहाण्यासारखं. जिवात जीव आला तिच्या. आता राहिली होती एकच गोष्ट. अप्पा सहा फुटी, शिल्पा पाच फुटी. सीटवर बसलं की तिचे पाय पायडलला टेकेनात.

अव्वा डोळे मिटून होती. शिल्पानं सीटचा बोल्ट सैल केला, गंजावर डिझेल सोडलं आणि सीट खाली दाबली. दोन बोटं गेली आणि अडली. आत काहीतरी होतं. तिनं सीट उपसून काढली, नळीत तार घालून आकडा फिरवला, तसं एक फडकं वर आलं. पांढऱ्या उपरण्याचा फाडलेला तुकडा, गाठ मारलेला. गाठ सोडली तेव्हा आतून चांदीचा चौका, लिंगाची डबी, निघाला. काळा पडलेला, सुपारीएवढा. त्याला गळ्यातला दोराही तसाच होता.

अप्पांचं लिंग होतं ते. वरचा पोचा तिच्या ओळखीचा होता, लहानपणी तिनंच दाताखाली धरून पाडलेला.

लिंगायताच्या गळ्यातलं लिंग जन्मापासून मातीपर्यंत उतरत नाही. झोपेत नाही, आंघोळीत नाही, दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं तरी नाही. माणूस गेला की ते तळहातावर ठेवून त्याला मांडी घालून बसवतात आणि दोघांना मिळून माती देतात. आमच्यात भूत नसतं, असं अप्पाच सांगायचे. गेलेला माणूस शिवात मिळून जातो, भटकायला मागं काही उरतच नाही. आणि त्याच अप्पांचं लिंग इथं, सीटखालच्या नळीत निघालं. बुडणारा माणूस ते असं गाठ मारून ठेवत नाही. म्हणजे अप्पा बुडालेच नव्हते!

"सांगितलं होतं ना तुला," अव्वा म्हणाली. ती कधी उठली, कधी जवळ आली, कळलंच नाही.

"अव्वा, हे अप्पांनी..."

"त्यांनी न्हाई. मी ठेवलंय."

तिनं चौका उचलून घेतला आणि पदरानं पुसायला लागली. पुसता पुसताच बोलली, डाळ निवडताना बोलावं तशी.

"गेले त्या दिवशी सकाळी देवळीत दिसलं. दिव्यापाशी काढून ठेवलेलं. मला वाटलं, दोरा तुटला असंल. बघते तर दोरा धड. हातानं काढलेलं. मग म्या वळखलं, आपणहून गेले."

"अन् आम्ही तीन दिवस पाण्यात गळ टाकून राहिलो! तू काठावर बसून बघत होतीस!"

"मग काय सांगू लोकांला? बुडाला म्हटलं की लोक रडतेत. लिंग काढून गेला म्हटलं की थुकतेत. झाकली मूठ, शिल्पे. सायकल परत आली तवा तिच्यात ठेवलं. आले तर आधी सायकलच धरतील, म्हटलं."

शिल्पाला रडू आलं आणि त्याच क्षणाला आनंदही झाला. अप्पा जिवंत आहेत! हे लिंग नुसतं अण्णापुढं ठेवलं की उद्याचा खड्डा बुजवावा लागेल, पत्रिकेत 'श्री' पडेल, अप्पांची वाट बघता येईल. ती आत जायला वळली. अव्वानं तिचं मनगट धरलं. आयुष्यभर भाकरी थापलेला हात तो, सुटणार थोडाच.

"आत्ता न्हाई. उद्याला रानात जाईपर्यंत गप बस. मग तुला वाटंल ते कर."

"अन् मग?"

"मग बघू. सीट तशीच बसव, वर. मोटरीवर चालती ना? पायडल मारायचं न्हाई, मग खाली कशाला घेतीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच ऊन भाजायला लागलं होतं. दहा वाजता वीरण्णानं ट्रॅक्टर काढला. स्वामी, वैनी, राजकन्या, भावकीतली चार माणसं, बेलाची पाटी, भस्माचं गाठोडं, सगळं ट्रॉलीत चढलं. अव्वा चढेना.

"गुडघं उचलत न्हाईत. मी सायकलवर येते हिच्या मागं."

"त्या सायकलवर?" वैनीनं तोंडावर हात ठेवला. वीरण्णा काहीतरी म्हणणार होता, पण आजच्या दिवशी आईशी वाद नको म्हणून त्यानं गिअर टाकला. धूळ उडवत ट्रॅक्टर वेशीकडं गेला.

शिल्पानं उन्हासाठी डोक्याला पांढरं उपरणं गुंडाळलं आणि ओट्याच्या कडेवर पाय देऊन ती त्या उंच सीटवर बसली. अव्वा मागं कॅरिअरवर बसली, एका बाजूला पाय सोडून. तिचा हात शिल्पाच्या कमरेभोवती आला. मूठ पिळली आणि सायकल निघाली.

इतकी वर्षं मोटरी शिकवूनही असं काही शिल्पानं अनुभवलं नव्हतं. पायडल जागच्या जागी. साखळीची कुरकुर नाही, दमणं नाही, धापा टाकणं नाही. पाय अधांतरी लोंबताहेत आणि दोन माणसांचं ओझं घेऊन सायकल आपली चालली आहे, मातीवर टायरांची फसफस तेवढी ऐकू येते. वाटेतल्या नांगरलेल्या रानांत माणूस नव्हतं. बाभळीवर होले बसले होते, तेही घुमत नव्हते. आपण चालवत नाही, आपल्याला कुणी घेऊन चाललंय, असं तिला वाटायला लागलं आणि तिनं मूठ उगीच घट्ट धरली.

"हळू चालवा," मागून अव्वा म्हणाली.

शिल्पाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. अव्वा तिला जन्मात 'चालवा' म्हणाली नव्हती.

"पदर अडकंल चाकात, म्हणून म्हणते. लग्नाच्या साली अडकला होता तर किती चिडला होता तुम्ही."

अव्वा मी शिल्पा, असं म्हणायला शिल्पानं तोंड उघडलं. जीभ उचललीच नाही. कमरेचा हात आता वेगळाच होता, हलका, नव्या नवरीचा असावा तसा. मान वळवून बघावं तर तेवढं धाडस होईना. बघितलं आणि अव्वानं तिच्याकडं बघून तिच्यात दुसरंच कुणी बघितलं तर?

"दोन सालांमागं माहूरला गेले होते, रेणुकामायच्या पायऱ्यांवर," अव्वा बोलत राहिली. "गर्दी लई. समोरनं तुम्ही उतरला. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, देवीच्या भगतासारखी. दाढी पिकलेली. मी वळखलं. तुम्हीबी वळखलं, डोळे हलले तुमचे. मला वाटलं, आता म्हणतील, सगुणा. तुम्ही म्हणालात, बाई, वाट सोडा."

पुढं पांदीचा चढ आला. शिल्पानं काही केलं नाही, सायकल आपणच चढली.

"मी सोडली वाट. बाजूला झाले. तुम्ही गेला खाली, मागं वळला न्हाई. रागानं न्हाई सांगत. सुखात दिसला तुम्ही, अंगानं भरला होता. पर मी पाच वर्षं वाट बघून राहिले होते, अन् तुम्हाला माझ्याकडनं एवढीच वाट पाहिजे होती व्हय?"

शिल्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि वाऱ्यानं कानांकडं जायला लागलं. ज्या बापासाठी तिनं ही सायकल चालती केली तो माहूरच्या पायऱ्यांवर तिच्या आईला बाई म्हणाला होता. परगावच्या बाईला म्हणावं तसं. तिला त्याच्यापाशी जायचं होतं आणि त्याच्या तोंडात मारायचं होतं, दोन्ही एकदमच.

खालचं रान दिसायला लागलं. बांधाशी ट्रॅक्टर उभा होता. लिंबाच्या झाडाजवळ ताजी काळी माती वर आली होती.

"बोला की," अव्वा म्हणाली. "पोरानं खड्डा खांदलाय. मी न्हाई म्हटलं तर थांबतंय सगळं. तुमचं लिंग माझ्या कमरेला हाय. तुम्ही सांगा. जाऊ देऊ का तुम्हाला?"

सायकल चालत होती. उत्तर द्यायला पुढं एकच माणूस बसलेलं होतं. नाही म्हटलं असतं तर अप्पा जिवंत राहिले असते, पत्रिकेत, घरात, शिल्पाच्या मनात. आणि मागची ही बाई रोज सकाळी अर्ध्या मनानं कुंकू लावत दाराकडं बघत राहिली असती, मरेपर्यंत.

"हाव," शिल्पा म्हणाली. आवाज जाड निघाला, तिचा तिलाच ओळखू आला नाही.

कमरेवरचा हात सुटला.

खड्डा चांगला दोन हात रुंद होता, मांडी घालून माणूस बसेल असा. तळाशी बेल पसरलेला होता, चारी बाजूंना भस्म लावलेलं होतं आणि मधोमध बसायची जागा रिकामी होती. तिच्याकडं कुणी फार वेळ बघत नव्हतं. स्वामींनी नव्या लिंगाची डबी उघडली.

"ते राहू द्या स्वामी," अव्वा म्हणाली आणि कमरेची गाठ सोडून काळा पडलेला चौका पुढं धरला.

वीरण्णा दोन पावलं मागं सरला. "हे... अप्पांचं हाय! कुठनं आलं हे?"

"त्यांनी दिलं. आत्ता, वाटंत."

वैनीनं सायकलीकडं बघितलं. बांधाला टेकवलेल्या त्या सायकलीच्या शेजारी फक्त शिल्पा उभी होती. अण्णानं बहिणीकडं बघितलं. सगळं सांगायची हीच वेळ होती, अव्वानंच दिलेली. शिल्पानं मान खाली घातली.

स्वामींनी लिंग घेतलं, बेलावर ठेवलं. मंत्र झाले. मग त्यांनी विचारलं, "नाव?"

वीरण्णाचे ओठ हलले, पण अव्वानं हात वर केला. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मतदानाच्या चिठ्ठीवरसुद्धा ती बोट ठेवून दाखवायची. नवरा असेपर्यंत बाईनं नाव घेऊ नये, असं तिच्या आईनं शिकवलं होतं.

ती खड्ड्याच्या कडेला बसली आणि आत वाकली.

"गुरुबसप्पा," ती म्हणाली.

वैनीनं हुंदका दिला. अव्वानं पुन्हा हाक मारली, थोडी मोठ्यानं, रानात गेलेल्या माणसाला जेवायला बोलवावं तशी. मग तिसऱ्यांदा. आणि तिसऱ्या हाकेनंतर ती मान तिरपी करून थांबली. ऐकत राहिली. ती थांबली म्हणून स्वामी थांबले, वीरण्णा थांबला, भावकीतली माणसं थांबली. कशाची वाट बघायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी श्वास कुणी घेत नव्हतं. शिल्पाच्या घशात ओ दाटून आली. वाटेत एकदा ती अप्पांच्या आवाजात बोलली होती, आणि आता तिचा घसा आपणहून उत्तर द्यायला निघाला होता. तिनं उपरण्याचा बोळा करून तोंडात कोंबला आणि दातांनी घट्ट धरला.

अव्वानं वर पाहिलं, थेट तिच्याकडं. किती वेळ पाहिलं कुणास ठाऊक. मग पदराच्या टोकानं कपाळावरचं कुंकू पुसलं.

"न्हाईत," ती म्हणाली. "लोटा माती."

कुणी पुढं होईना. शेवटी शिल्पाच वाकली आणि पहिली ओंजळ तिनं टाकली.